न झालेल्या सामन्याची पंच

९ जानेवारी

प्रिय चिमे,

तुझं पत्र पोचलं. पाकीट वाटेत कुणीतरी उघडून पुन्हा चिकटवलं होतं, आणि डिंक इतका थापला होता की तुझ्या पहिल्या चार ओळी मला सुरीनं सोडवून घ्याव्या लागल्या. वाचायचं तर खुशाल वाचा म्हणावं, पण चिकटवायला तरी शिका. आपल्या कॉन्व्हेंटातल्या हस्तकलेच्या सिस्टरनं असल्या कामासाठी हातावर पट्टी मारली असती. दोन्ही सरकारांनी फोन बंद केले, पत्रं तेवढी चालू ठेवली. अजून कुणी पत्रं लिहितं हे त्यांच्या लक्षातच नसावं. आपण आठवण करून द्यायला नको.

तर आता मुद्द्याचं. मार्चमधली टेबल टेनिसची स्पर्धा नक्की झाली, आमच्याच शहरात. काल आम्हा पंचांना गटवारी दाखवली आणि तुमच्या देशाच्या संघात भिंगरीचं नाव मी स्वतःच्या डोळ्यांनी वाचलं. मुख्य पंचांना मी आधीच लिहून दिलंय की ही माझी सख्खी भाची. नात्यातल्या खेळाडूच्या सामन्याला पंचानं उभं राहायचं नसतं. म्हणजे मी शेजारच्या टेबलावर असेन आणि तिच्याकडे पाठ करून तिचा खेळ ऐकेन. हसू नकोस. इतकी वर्षं त्या उंच खुर्चीवर काढल्यावर चेंडूच्या आवाजावरून कळतं कोण घाबरलंय.

ती संघाबरोबर हॉटेलात राहील, पण तू माझ्याकडे उतरायचंस. खेळाडूच्या आईला ती मुभा आहे, मी विचारून घेतलंय. मागची खोली रिकामी केली. तिथली खिडकी लागत नव्हती म्हणून सुताराला बोलावलं. तो तीनदा आला, तिसऱ्यांदा हत्यारं घेऊन आला.

वरच्या मजल्यावरच्या काकू परवा जिन्यात म्हणाल्या, "म्हणजे बहीण खरंच आहे म्हणायची तुम्हाला." आई गेली तेव्हा तू येऊन गेलीस, त्यानंतर इथे तुला कुणी पाहिलेलं नाही. काकूंना इतके दिवस वाटत होतं, एकटीला करमत नाही म्हणून बाईंनी बहीण तयार केलीय. तेव्हा ये, आणि जिन्यातून दोन-चार वेळा मोठ्यानं बोलत वर-खाली कर.

तुझी,
ताई


२४ जानेवारी

ताई,

व्हिसा मिळाला. खिडकीतल्या बाईनं शिक्का मारला तेव्हा मला काही सुचेना, मी तिलाच "या हं आमच्याकडे" म्हणून आले. भिंगरी दारात उभी होती, तिनं कपाळाला हात लावला.

तुझ्यासाठी काय आणू ते लिही. "काही नको" असं लिहू नकोस, मग मी नको ते आणते. यांचा लोकरी कोट मी अजून कुणाला दिलेला नाही. तुला थोडा मोठा होईल, पण तुझ्या खांद्याला बसेल असं वाटतं. हे गेल्यापासून कपाट उघडलं की तो कोट आधी दिसतो. आणू का?

इकडे जरा गडबड आहे. सीमेवर परवा जे झालं ते तुमच्या बातम्यांत आलंच असेल, अर्थात तुमच्या पद्धतीनं. भिंगरीची दुहेरीतली जोडीदारीण आहे ना, जिच्याबरोबर ती लहानपणापासून खेळते, तिचा भाऊ त्यात गेला. धाकटा होता. आम्ही दोघी जाऊन आलो. त्याच्या आईनं आम्हाला पाणी दिलं आणि स्वतः ग्लास हातात धरून उभी राहिली, कुणीतरी तो हातातून काढून घेईपर्यंत.

भिंगरी हल्ली फारशी बोलत नाही. सरावाला जाते, येते, बॅट पुसून ठेवते. मी विचारलं तर म्हणते, "आई, तू तुझी तयारी कर." म्हणून मी माझी तयारी करतेय.

मला मधूनच भीती वाटते की स्टेशनात मी तुला ओळखणार नाही. केस पांढरे केलेस का, की अजून रंगवतेस?

तुझी,
चिमी


११ फेब्रुवारी

चिमे,

केस पांढरे आहेत आणि डोकं तापलेलं आहे. परवाच्या पेपरात वाचलं. तुमच्या देशानं स्पर्धेवर बहिष्कार टाकला म्हणे.

कुणी टाकला? ज्यांनी जन्मात बॅट हातात धरली नाही त्यांनी. तुमचे मंत्री तिकडे टेबल आपटतात, आमचे इकडे आपटतात. इतकीच हौस आहे तर ती टेबलं आमच्याकडे द्या, आम्ही त्यांच्यावर खेळून दाखवतो. तुमचं सिमेंट आमच्याकडे येतंय, आमची औषधं तुमच्याकडे जाताहेत, त्या ट्रकांवर कुणी बहिष्कार घातलेला ऐकला नाही. नफा असला की सीमा उघडी, आणि पोरीबाळींनी चेंडू टोलवायचा म्हटलं की लगेच राष्ट्राचा अपमान. आमच्याकडचे तर त्याहून थोर. कालपर्यंत "पाहुण्यांचं स्वागत" म्हणून फलक रंगवत होते, आज म्हणतात बरं झालं, आमचा गट सोपा झाला.

मी गप्प बसले नाही. पेपराला पत्र लिहिलं आणि त्यांनी ते तिसऱ्याच दिवशी, म्हणजे आज, छापलं. मथळा त्यांचा आहे, "मावशीचा आक्रोश". मी आक्रोश वगैरे काही केलेला नाही, पण मजकूर शब्दन् शब्द माझा. मी लिहिलंय की माझी भाची त्या संघात आहे, तिची आयुष्याची मेहनत पुढाऱ्यांनी पायदळी तुडवली, आणि आज ती मुलगी आपल्या खोलीत बॅट मांडीवर घेऊन रडत बसली असेल, तिच्या अश्रूंचा हिशेब कोण देणार. वरच्या काकूंनी दोन प्रती विकत घेतल्या.

तुझा व्हिसा तर तिच्या संघामुळे होता. म्हणजे तोही गेला. ते मी पेपरात लिहिलं नाही. ते माझं स्वतःचं रडगाणं आहे, लोकांना काय त्याचं.

पोरीला माझ्या वतीनं जवळ घे.

ताई


२५ फेब्रुवारी

ताई,

तुझं छापलेलं पत्र तुझ्या पत्राच्या आधीच इकडे पोचलं. इथल्या पेपरानं ते उचललं, भिंगरीच्या फोटोसकट.

पुन्हा असं काही लिहू नकोस. मी रागावलेली नाही. पण लिहू नकोस.

भिंगरी रडत नाही, ताई. तू तसं का लिहिलंस?

संघच येणार नाही म्हटल्यावर व्हिसाचं काय घेऊन बसायचं. इथे थंडी अजून आहे. माझा गुडघा बरा आहे.

चिमी


१४ मार्च

प्रिय चिमे,

तुझं चतकोर पत्र मिळालं. भिंगरी रडत नाही हे मला सांगायला हवं का? आपल्याकडच्या बायका चारचौघांत रडत नाहीत, न्हाणीघरात नळ सोडून रडतात. पेपरात नळाचं लिहिता येत नाही, म्हणून मी सरळ लिहिलं.

स्पर्धा सुरू झाली. परवा सकाळी तुमच्या संघाचा पहिला सामना होता. म्हणजे असायला हवा होता. तुम्ही माघार घेतलीत ती गटवारी पडल्यानंतर, त्यामुळे वेळापत्रकात नाव तसंच राहिलं. मुख्य पंच म्हणाले, "बाई, इथेच कागदावर समोरच्या संघाला पुढे चाल देऊन टाकू. उगाच टेबलापाशी कशाला उभं राहायचं?" मी म्हटलं, नियमात पुकारा आहे, तर पुकारा व्हायला हवा. आणि तो मी करणार.

"पण ती तुमच्या नात्यातली ना? तुम्हाला चालत नाही."

मी म्हटलं, "जो सामना होणारच नाही, त्यात मी पक्षपात करणार तरी कुणाच्या बाजूनं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि कागद माझ्या हातात दिला.

चिमे, मी सगळं रीतसर केलं. जाळीची उंची मोजली. पेटीतून चेंडू निवडला, टेबलावर फिरवून पाहिला. गुणफलक शून्यावर आणला. समोरच्या बाजूला कुठल्याशा थंड देशातल्या मुली अंगात जाकिटं घालून बसल्या होत्या, एकजण बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधत होती. दुसरी बाजू रिकामी. आजूबाजूच्या टेबलांवर खेळ चाललेला, टकटक टकटक, आणि आमच्याच टेबलावर काही नाही. मी आधी देशाचं नाव पुकारलं. मग एकेकीचं. भिंगरीचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, मी जन्मात कधी मोठ्यानं उच्चारलं नव्हतं, तिला आपण भिंगरीच म्हणत आलो. ध्वनिक्षेपकातून ते भलत्याच कुणाचं तरी वाटलं. मी थांबले. पुन्हा पुकारलं. तिसऱ्यांदा पुकारताना, तुला खोटं वाटेल, मी खेळाडूंच्या दाराकडे बघत होते. नियमात दाराकडे बघायला सांगितलेलं नाही.

मग मी समोरच्या बाजूला हात वर केला. विजय त्यांचा. ती नाडीवाली मुलगी सवयीनं पुढे येऊन माझ्याशी हात मिळवून गेली. जाता जाता विचारलंन, "तुम्ही ओळखता का त्यांना?" मी म्हटलं, ऐकून आहे.

इथवर मी तुला हे सांगण्यासाठी लिहायला बसले होते. पण दुपारी आणखी एक झालं, ते विचारल्याशिवाय राहवत नाही. मी निकालाचा कागद द्यायला स्वागतकक्षात गेले, तर तिथली बाई म्हणाली, "तुमच्या बहिणीचा पास अजून नेलेला नाही." मी म्हटलं, संघ आला नाही, बहीण कुठून येणार? तर ती म्हणाली, पालकांचे व्हिसे वेगळे दिले होते, ते कुणी रद्द केलेले नाहीत. तुमच्याकडच्या दोन आया येऊन पोचल्या आहेत. मुली आल्या नाहीत, आया आल्या. त्यातली एक भावाकडे उतरलीय.

मी त्या बाईला म्हटलं, माझ्या बहिणीला हे कळलेलं नसणार.

चिमे, तुला कळलेलं नव्हतं ना?

ताई


२९ मार्च

मावशी,

आईच्या आधी मी लिहितेय. तिला माहीत आहे, तिनं वाचलेलं नाही.

बहिष्कार सरकारनं टाकलेला नाही. आमच्या संघटनेला तर यायचंच होतं, पदाधिकाऱ्यांनी बायकांसकट तिकिटं काढली होती. संघातल्या आम्ही पाच जणींनी लिहून दिलं की आम्ही जाणार नाही. ते पत्र मी लिहिलं. पहिली सही माझी आहे. त्यानंतर मंत्र्यांनी भाषण केलं आणि श्रेय घेतलं. पेपरात जे येतं ते तेवढंच. तू पेपर वाचून पेपराला लिहिलंस.

माझ्या जोडीदारणीचा भाऊ गेल्यावर मी रोज तिच्याकडे जात होते. एकदा तिथे टीव्ही चालू होता आणि तुमच्या स्पर्धेची जाहिरात लागली, नाचणारे चेंडू आणि संगीत. तिची आई उठून आत गेली. जोडीदारीण मला म्हणाली, मी नाही जाणार, पण तू जा, तुझी ही शेवटचीच आहे. तेही खरं आहे, माझा खांदा आता साथ देत नाही. मी घरी येऊन बॅग भरायला घेतली आणि मला ती भरता येईना. यात धोरण वगैरे काही नव्हतं. तुमच्या देशाचा मी द्वेष करत नाही. मला फक्त तिथे उभं राहून हसून हात मिळवता आला नसता.

आणि मला खेळायचं होतं. अजून वाटतं. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, पण मी रडत नव्हते. मी ठरवलं होतं. माझ्या आयुष्यात मी एकटीनं ठरवलेली ती एकच गोष्ट असेल, आणि तू तिचे अश्रू करून छापलेस.

जोडीदारणीनं ते वाचलं. तिनं मला विचारलं, "तुला जायचं होतं का?" मी नाही म्हटलं. ती म्हणाली, "मग तुझी सख्खी मावशी असं कशाला लिहील? तिला तुझ्या घरूनच कळलं असणार." आता ती सरावाला दुसऱ्या टेबलावर उभी राहते. माझ्याजवळ तिला दाखवायला काही नाही. नुसत्या शब्दांवर ती कसा विश्वास ठेवणार, शब्द तर तूही छापलेस.

आईला मी जा म्हणाले होते, दोनदा. ती का गेली नाही ते तिला विचार.

तू माझं नाव पुकारलंस ते आईनं वाचून दाखवलं.

भिंगरी


१ एप्रिल

ताई,

मला कळलेलं होतं.

व्हिसा चालू आहे असं त्या खिडकीतल्या बाईनंच मला बोलावून सांगितलं. मी तुला गोलमोल लिहिलं. सरळ लिहिलं असतं तर तू "मग ये" म्हणाली असतीस, आणि मला नाही म्हणता आलं नसतं. तुला नाही म्हणणं मला लहानपणापासून जमलेलं नाही. आणि भिंगरीचं सांगायचा मला धीर नव्हता. तू तिची बाजू घेऊन इतकी भांडत होतीस, त्यात ती बाजू तिची नाही हे कसं सांगू?

पोरगी इथे जाणार नाही म्हणून बसलेली, आणि मी तिथे तुझ्या खोलीत चहा पीत बसायचं, हे मला जमेना. एवढंच कारण. इथे जिन्यात बायका विचारतात, "तुम्ही जाणार होतात ना?" मी मान हलवते, त्यांना हवा तो अर्थ घेऊ देते.

पण तुझं पत्र वाचलं. तू दाराकडे बघत होतीस, तिथून पुढे मला वाचवेना, भिंगरीनं माझ्या हातातून घेऊन पुरं केलं. ती नंतर म्हणाली, "आई, आता तरी जा. मी राहीन एकटी."

व्हिसा तीस एप्रिलपर्यंत आहे. पुन्हा असा मिळायचा नाही. तिचं खेळणं संपलं, म्हणजे खेळाडूची आई म्हणूनही मला कुणी विचारणार नाही. मी बॅग भरून ठेवलीय. तू उलट टपाली "ये" एवढं लिहिलंस तरी मी निघते. तू म्हणशील तसं. खरंच, यावेळी तूच ठरव.

चिमी


१४ एप्रिल

प्रिय चिमे,

येऊ नकोस.

हे एक वाक्य लिहून मी काल दिवसभर बाकीचं लिहिलं नाही. मग वाटलं, नुसतं एवढंच पोचलं तर तुला वाटेल ताई रुसली. मी रुसलेली आहे, पण कारण ते नाही.

तू खोटं बोललीस हे मला लागलं. भावाकडे उतरलेल्या त्या बाईला मी एकदा जेवणघरात पाहिलं. भाऊ तिच्या ताटात वाढत होता आणि ती "पुरे, पुरे" म्हणत होती. मी माझा चहा घेऊन बाहेर जाऊन उभी राहिले. तर तेवढं लागलं, हे एकदा सांगून मोकळी होते.

भिंगरीचं पत्र मी तीन वेळा वाचलं. पहिल्यांदा संताप आला, दुसऱ्यांदा तिची मराठी चांगली आहे असं वाटलं, तिसऱ्यांदा मी पेपराला लिहायला बसले. लिहिलं, की माझी भाची रडत नव्हती. तिला कुणी अडवलेलं नव्हतं, तिनं मैत्रिणीसाठी स्वतः ठरवलं, आणि मी तिला न विचारता तिच्या तोंडी रडं घातलं. हे पत्र त्यांनी छापलेलं नाही. मी कचेरीत जाऊन आले. संपादक पोरसवदा आहे, पाय हलवत बोलतो. म्हणाला, "बाई, त्या विषयात आता काही राहिलं नाही." रडणारी भाची छापायला जागा होती, न रडणारीला नाही. मी त्याला काय बोलले ते इथे लिहीत नाही, पाकीट उघडणाऱ्याच्या मनावर परिणाम होईल.

तेव्हा माझ्या बाजूनं दुरुस्ती होण्यासारखी नाही. तुझ्या बाजूनं होण्यासारखी आहे, म्हणून येऊ नकोस म्हणते. तू आता इकडे आलीस तर भिंगरीच्या जोडीदारणीला जे वाटतंय ते पक्कंच होईल: मायलेकींना जायचंच होतं, मुलीला जमलं नाही, आईनं संधी साधली. मग भिंगरी जन्मभर सांगत बसली तरी उपयोग नाही. हे पत्र पोचून तू निघालीस तर तुला इथे फार तर दोन-चार दिवस मिळतील. तिला तिथे पुढची सगळी वर्षं त्याच गावात, त्याच माणसांत काढायची आहेत.

मला बहिष्कार पटलेला नाही, हे तिला सांग. आजही नाही. त्या पाच जणींनी येऊन खेळायला हवं होतं, हातात हात नसता दिला तरी चाललं असतं, मी पंच म्हणून दुसरीकडे पाहिलं असतं. पण मी इतकी वर्षं ज्यांना बहिष्कार करताना पाहिलं, ते सगळे दुसऱ्याचा खेळ बंद करत होते. स्वतःचा बंद करणारी ही पहिलीच. तिच्याशी भांडायला मला आवडेल. तिला म्हणावं मला लिहीत जा, आणि असंच लिही, मऊ करू नकोस.

आता तू काय करायचं ते नीट ऐक. तीस तारीख जाऊ दे. एक मे उजाडला की भिंगरीला घेऊन त्या मुलीच्या घरी जा. भिंगरीला बोलायला लावू नकोस, ती फटकळ आहे, माझ्यावर गेलीय. तू बोल. पासपोर्ट बरोबर ने आणि त्या मुलीच्या आईसमोर ते पान उघडून ठेव. सांग, हा माझा व्हिसा, काल संपला. पलीकडे माझी सख्खी बहीण आहे, एकटी असते, तिनं बोलावलं होतं आणि मला जायचं होतं. पुढच्या पानावर आत आल्याचा शिक्का नाही, बघून घ्या. माझ्या मुलीनं तुमच्यासाठी नाही म्हटलं, म्हणून मीही गेले नाही.

हे सगळं खरंच आहे, त्यामुळे तुला सांगायला जड जाणार नाही.

मग घरी ये आणि त्या काय म्हणाल्या ते मला लिही. चतकोर लिहू नकोस.

तुझी,
ताई